लेसर डायोडला वीज कशी द्यावी?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत लेसरचा प्रयोग आता हमखास असतो. आमच्या शहाड, आंबिवली, उल्हासनगर भागातल्या शाळाही त्याला अपवाद नाहीत. कुठे प्रकाशझोतावरून आवाज पलीकडे पाठवलेला असतो, कुठे झोत अडला की घंटा वाजवणारा चोर-सूचक असतो, तर कुठे केसाची जाडी मोजलेली असते. प्रयोग चांगले असतात. मात्र झोत देणाऱ्या डायोडला वीज कुठून आणि कशी दिली आहे हे पाहिले, तर बहुतेक ठिकाणी दोन सेल आणि दोन वायरी एवढेच आढळते. काही डायोड असे आठवडाभर चालतात, काही पहिल्याच दिवशी मंदावतात. मग बाजारातून दुसरा डायोड येतो.

वीज देण्याची ही बाब किरकोळ वाटते, पण तिच्यावर दोन गोष्टी अवलंबून असतात. एक म्हणजे डायोडचे आयुष्य. दुसरी म्हणजे समोर बसलेल्या मुलांचे डोळे. या दोन्ही गोष्टींचा संबंध एकाच राशीशी आहे, आणि ती राशी म्हणजे डायोडमधून वाहणारी विद्युतधारा. तिची राखण कशी करायची ते या लेखात पाहू.

ट्रॉम्बेचा पहिला लेसर

वीजपुरवठ्याचा हा प्रश्न अर्धसंवाहक लेसरइतकाच जुना आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातून लेसर प्रकाश पहिल्यांदा मिळाला तो १९६२ साली अमेरिकेत, रॉबर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुशक्ती आस्थापनेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, असा लेसर तयार झाला. पुढे साठच्याच दशकात त्याच्या साहाय्याने ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात प्रकाशाद्वारे संदेशवहन करून दाखवण्यात आले. हे अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे. आज विद्यार्थी वर्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवाज पाठवतात, तो याच प्रयोगाचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या अर्धसंवाहक लेसरना प्रचंड धारा लागे. ती सतत दिली तर स्फटिक जळून जाई. म्हणून त्यांना द्रवरूप नायट्रोजनने थंड करून धारेचे अगदी क्षणिक झटके दिले जात. नेहमीच्या तापमानाला सतत चालणारा लेसर डायोड १९७० साली साधला. १९८२ पासून कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांबरोबर तो घरोघरी पोहोचला आणि स्वस्त झाला. धारा आता अँपिअरऐवजी मिलिअँपिअरमध्ये मोजावी लागते, पण मूळ अडचण तीच आहे. लेसर डायोडला कमी धारा पुरत नाही आणि जास्त धारा सोसत नाही.

बारवीचा सांडवा

धारा थोडी थोडी वाढवत नेली तर काय होते? सुरुवातीला डायोड साध्या एलईडीसारखा मंद, पसरट प्रकाश देतो. धारा एका ठरावीक मूल्यापर्यंत पोहोचली की मात्र लेसर क्रिया सुरू होते आणि त्यानंतर प्रकाश झपाट्याने वाढतो. या मूल्याला सीमाधारा म्हणू.

आमच्या भागातल्या वाचकांना बारवी धरणाचे उदाहरण चटकन पटेल. पावसाळ्यात धरणाची पातळी कितीही चढली, तरी सांडव्याच्या उंचीपर्यंत पोहोचेतो बाहेर काही वाहत नाही. एकदा ती उंची गाठली, की त्यापुढे येणारे सारे पाणी सांडव्यावरून जाते. लेसर डायोडची सीमाधारा म्हणजे हा सांडवा.

आकडे घेऊन पाहू. समजा, लाल रंगाच्या (६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या) एका छोट्या डायोडची सीमाधारा २५ मिलिअँपिअर आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक मिलिअँपिअरमागे अर्धा मिलिवॉट प्रकाश मिळतो. मग २७ मिलिअँपिअरला १ मिलिवॉट, ३५ ला ५ मिलिवॉट आणि ४५ ला १० मिलिवॉट प्रकाश मिळेल. २७ वरून ३५ वर जाताना धारा तीस टक्केच वाढली, पण प्रकाश पाचपट झाला. साध्या बल्बच्या सवयीने आपण 'थोडेसे जास्त' म्हणतो, ते इथे थोडेसे नसते.

विभवांतर नव्हे, धारा

टॉर्चच्या बल्बला आपण सरळ सेल जोडतो. ते चालते, कारण बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि धारेला आपोआप लगाम बसतो. डायोडचे वागणे याच्या उलट असते. लाल लेसर डायोड पेटण्यासाठी साधारण २.२ व्होल्ट लागतात. इथून विभवांतर केवळ ०.१ व्होल्टने वाढले, तरी धारा पंधरा-वीस मिलिअँपिअरने वाढू शकते. शिवाय डायोड तापला की तीच धारा वाहायला आणखी कमी विभवांतर पुरते. म्हणजे विभवांतर कायम ठेवले तर तापल्याने धारा वाढते, धारा वाढल्याने डायोड आणखी तापतो, आणि हे चक्र डायोड निकामी होईपर्यंत चालते.

नव्या कोऱ्या सेलचे विभवांतर १.५ ऐवजी १.६ व्होल्टच्या आसपास असते. दोन सेल मिळून ०.२ व्होल्टचा फरक पडला. ज्या डायोडला ०.१ व्होल्टही भारी पडतो, त्याला दोन सेलांशी सरळ जोडणे हा जुगार आहे. म्हणून पहिला नियम असा: लेसर डायोडला किती व्होल्ट द्यायचे हे विचारू नये, किती मिलिअँपिअर जाऊ द्यायचे हे ठरवावे.

स्वतःच्या प्रकाशाने जळणारा डायोड

जास्त धारेने डायोड उष्णतेमुळे मरतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हाताला डायोड गार लागत असतानाही तो मरू शकतो.

लेसर प्रकाश स्फटिकाच्या ज्या कडेतून बाहेर पडतो, ती जागा साधारण १ मायक्रोमीटर उंच आणि ३ मायक्रोमीटर रुंद एवढीच असते. तेवढ्या जागेतून ५ मिलिवॉट प्रकाश बाहेर पडतो, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १६० कोटी वॉट. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट असते. म्हणजे त्या कडेवरचा प्रकाश उन्हाच्या सोळा लाख पट तीव्र झाला. धारा मर्यादेबाहेर गेली की कड थोडा प्रकाश शोषून तापते. तापली की आणखी शोषते, आणि मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात वितळते. स्फटिकाचा आरसा गेला की लेसर क्रिया थांबते. डायोड पेटतो, पण त्याचा साधा एलईडी झालेला असतो. प्रदर्शनात 'मंदावलेले' डायोड बहुधा असेच मेलेले असतात.

बिघाड इतक्या कमी वेळात होत असल्याने फ्यूज इथे निरुपयोगी ठरतो. खटका दाबताना होणारी ठिणगी, सैल वायरची खरखर, शेजारचा मिक्सर बंद होताना विजेच्या तारेत उठणारा झटका, यांतले काहीही पुरेसे असते. म्हणून शाळेच्या प्रयोगाला भिंतीतली वीज आणि स्वस्त अडॅप्टर वापरू नये. सेल सर्वांत बरे.

साधा रोध की स्थिर धारा?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डायोडच्या एकसरीत रोध जोडणे. दोन सेल (३ व्होल्ट) घेऊन २७ मिलिअँपिअर धारा हवी असेल, तर डायोडचे २.२ व्होल्ट वजा जाता ०.८ व्होल्ट उरतात, आणि सुमारे ३० ओहम रोध लागतो. चार सेल (६ व्होल्ट) घेतले, तर ३.८ व्होल्ट उरतात आणि सुमारे १४० ओहम लागतात. आता दोन्हींत नवे सेल घाला. दोन सेलांच्या मंडलात धारा २७ वरून सुमारे ३४ वर जाते. चार सेलांच्या मंडलात ती ३० पर्यंतच जाते. रोधावर जितके अधिक विभवांतर पडेल, तितकी धारा स्थिर राहते. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. रोध निवडताना मात्र हिशेब नव्या सेलांचा धरावा.

याहून चांगला उपाय म्हणजे एलएम-३१७ ही तीन पायांची आयसी. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज आणि स्वस्त मिळते. तिच्या 'आउटपुट' आणि 'अ‍ॅडजस्ट' या दोन पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्ट राहतात. या दोन पायांमध्ये ४७ ओहमचा रोध जोडला, तर त्यातून १.२५ भागिले ४७, म्हणजे सुमारे २६.६ मिलिअँपिअर धारा वाहते. हीच धारा 'अ‍ॅडजस्ट' पायाच्या टोकापासून डायोडमधून सेलच्या ऋण टोकाकडे न्यायची. सेलचे धन टोक 'इनपुट' पायाला जोडायचे. सेल नवे असोत वा जुने, धारा तीच राहते. अट इतकीच की आयसीला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात. त्यात १.२५ आणि डायोडचे २.२ मिळवले की साडेपाच व्होल्ट होतात. म्हणून ९ व्होल्टची बॅटरी किंवा सहा सेल घ्यावेत.

धारा कमी-जास्त करायची असेल, तर ४७ ओहमच्या एकसरीत १०० ओहमचा बदलता रोध जोडावा. मग धारा ८.५ ते २६.६ मिलिअँपिअरच्या दरम्यान हलवता येते. नुसता बदलता रोध कधीही लावू नये. बटण शून्यावर गेले की धारेला बंधनच उरत नाही. इथे दिलेली मूल्ये वर मानलेल्या डायोडसाठी आहेत. आपल्या डायोडची सीमाधारा आणि कमाल धारा त्याच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. तिसऱ्या पायाची जोडणीही त्यातच पाहावी, कारण ती प्रत्येक प्रकारात सारखी नसते.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, डायोडला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि उलट दिशेने एक साधा डायोड (वन-एन-४१४८) जोडावा. कपॅसिटर झटके शोषतो. साधा डायोड उलट्या जोडणीपासून वाचवतो, कारण लेसर डायोड उलटे विभवांतर दोन व्होल्टच्या आसपासच सोसतो. दोन, आधी सर्व जोडण्या पक्क्या सोल्डर कराव्यात आणि मगच सेल लावावेत. पुरवठा चालू असताना डायोडची वायर निघाली, तर पुरवठ्याकडचे कपॅसिटर पूर्ण विभवांतराला भारित होतात आणि वायर पुन्हा टेकताच सारा भार डायोडमध्ये ओततात. तीन, नवा पुरवठा आधी खोट्या भारावर तपासावा. तीन साधे सिलिकॉन डायोड एकसरीत जोडले की त्यांच्यावर साधारण २.१ व्होल्ट पडतात. त्यांच्या जोडीला १० ओहमचा रोध लावून त्यावरचे विभवांतर मोजावे. २६६ मिलिव्होल्ट आले तर धारा २६.६ मिलिअँपिअर आहे. हा आकडा स्थिर दिसल्यावरच खरा डायोड लावावा.

रेयॉन, टेरिलीन आणि हाताचा स्पर्श

डायोड मंडलात बसण्याआधी, नुसत्या हाताळण्यानेही मरू शकतो. कोरड्या हवेत चालताना, खुर्चीवरून उठताना आपल्या अंगावर स्थिर विद्युतभार साचतो. त्याचा झटका आपल्याला जाणवतो तेव्हा विभवांतर सुमारे ३००० व्होल्ट असते. शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर स्पर्शाच्या क्षणी वाहणारी धारा २ अँपिअर होते. ती क्षणभरच टिकते, पण डायोडच्या कमाल धारेच्या चाळीस-पन्नासपट असते. झटका जाणवत नाही अशा भारानेही नुकसान होते.

शहाडची ओळख असलेल्या सेंच्युरी रेयॉनच्या धाग्याचा इथे चांगला दाखला देता येतो. व्हिस्कोज रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून, म्हणजे सेल्युलोजपासून होतो. तो हवेतली ओल भरपूर शोषतो, त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १३ टक्के. सुती कापड सुमारे ८ टक्के शोषते. टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टर, अर्धा टक्काही शोषत नाही. ओलसर धाग्यावर भार टिकत नाही, कोरड्यावर साचतो. म्हणून डायोड हाताळताना अंगावर सुती किंवा रेयॉनचे कपडे असावेत. काम सुरू करताना नळाच्या लोखंडी पाइपला हात लावावा. डायोडचे पाय काम होईपर्यंत बारीक तारेने एकमेकांना बांधून ठेवावेत. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट असल्याने हा त्रास कमी असतो, आणि प्रदर्शने मात्र थंडीच्या कोरड्या दिवसांत भरतात! सोल्डरिंग आयर्न तीन पिनांचे, अर्थिंग असलेले घ्यावे. दोन पिनांचे असेल, तर तापल्यावर प्लग काढून मगच डाग द्यावा.

थंडीत खाली येणारा सांडवा

आता डोळ्यांकडे वळू. समांतर झोत डोळ्यात शिरला तर डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावरच्या सुमारे २० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात गोळा करते. बाहुली ७ मिलिमीटर उघडी असेल, तर तीव्रता सव्वा लाखपट होते. दृश्य प्रकाशाच्या १ मिलिवॉटपर्यंतच्या लेसरना दुसऱ्या वर्गात घालतात. पाव सेकंदात आपण पापणी मिटतो किंवा मान वळवतो, आणि तेवढ्या वेळात इजा होत नाही, हा त्यामागचा आधार आहे. त्यापुढे ५ मिलिवॉटपर्यंतचा वर्ग अधिक जोखमीचा आहे. शाळेत १ मिलिवॉट ही सीमा ओलांडू नये.

पण आपण ठरवलेला १ मिलिवॉट कायम राहतो का? डायोड तापला की सीमाधारा वाढते, थंड झाला की घटते. म्हणजे सांडव्याची उंचीच बदलते. समजा, मे महिन्याच्या दुपारी सीमाधारा २५ असताना आपण २७ मिलिअँपिअरला १ मिलिवॉट लावून ठेवला. जानेवारीच्या सकाळी तापमान वीस अंशांनी कमी असेल, तर सीमाधारा २१ पर्यंत उतरू शकते. धारा तीच २७, पण प्रकाश आता ३ मिलिवॉट! स्थिर धारेने डायोड वाचला, पण झोत तिप्पट झाला. यासाठी धारा नेहमी प्रयोगाच्या दिवशी, त्या दिवसाच्या सर्वांत गार वेळी लावावी.

डायोडच्या डबीत मागच्या बाजूला एक छोटा प्रकाशमापक डायोडही असतो. त्याच्या साहाय्याने धारा आपोआप कमी-जास्त करून प्रकाश स्थिर ठेवणारी मंडले असतात. ती चांगली, पण त्यांची एक खोड आहे. त्या मापकाची वायर तुटली, तर मंडलाला वाटते की प्रकाशच नाही, आणि ते धारा वाढवत सुटते. म्हणून तिथेही धारेला वरची मर्यादा हवीच.

प्रकाश मोजायचा कसा? महागडे उपकरण नसले तरी अंदाज घेता येतो. सिलिकॉन फोटोडायोडचे दोन पाय मल्टिमीटरला मिलिअँपिअरच्या पट्ट्यावर जोडावेत आणि संपूर्ण झोत त्यावर पाडावा. ६५० नॅनोमीटरला १ मिलिवॉट प्रकाशामागे साधारण ०.४ मिलिअँपिअर धारा मिळते. खोलीतल्या उजेडाचे वाचन वजा करावे. वाचन ०.४ च्या वर जात असेल, तर डायोडची धारा कमी करावी.

बाजारच्या लेबलवर विसंबू नये. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ लेसर पॉइंटर तपासले. त्यांतले हिरवे जवळजवळ ९० टक्के आणि लाल सुमारे ४४ टक्के नियमांत बसत नव्हते. हिरव्या पॉइंटरमध्ये मुळात अवरक्त डायोड असतो. आतला गाळणी-काच वगळलेला असेल, तर अदृश्य प्रकाशही बाहेर येतो, आणि जो दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. मोडीतल्या डीव्हीडी रायटरमधून काढलेले लाल डायोड तर शंभर मिलिवॉटच्याही पुढे जातात. कितीही सुबक पुरवठा केला तरी ते शाळेत आणू नयेत. शक्तिशाली झोत काय करतात हे आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतल्या लेसरमुळे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. दृष्टिपटलावरचा जळालेला भाग पुन्हा भरून येईलच असे नाही.

वर्गात झोत बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर नसावा. त्याच्या शेवटी काळा खरखरीत कागद असावा. टेबलावरच्या स्टीलच्या बाटल्या, हातातली घड्याळे आणि बांगड्या आधी दूर कराव्यात, कारण झोत त्यांवरून कुठेही उसळतो. डायोड पट्टीला घट्ट बसवावा, हातात धरू नये. खटका शिक्षकाच्या हाताशी असावा.

करून पाहा

पुरवठा तयार झाला की त्याचाच एक प्रयोग होतो. धारा १० मिलिअँपिअरपासून एकेकाने वाढवा, प्रत्येक वेळी फोटोडायोडचे वाचन घ्या आणि आलेख काढा. रेषा बराच वेळ जमिनीलगत राहील आणि मग एका जागी एकदम वर वळेल. ते वळण म्हणजे सीमाधारा. तिथे पडद्यावरच्या ठिपक्याकडे (पडद्याकडेच, डायोडकडे नव्हे) नीट पाहिले, तर त्यात बारीक चमचमणारे कण दिसू लागतात. ते सुसंगत प्रकाशाचे लक्षण आहे. वळणापुढे एक-दोन मिलिअँपिअरवर थांबावे. शाळेच्या प्रयोगांना तेवढे पुरते.

हाच आलेख सकाळी आणि दुपारी असा दोनदा काढावा आणि दोन्ही वळणे एका जागी येतात का ते मुलांनाच पाहू द्यावे. ती का सरकली याचे उत्तर त्यांनी शोधले, की धारेची राखण का करायची हे वेगळे सांगावे लागणार नाही.